टाय नेमका कोणाच्या गळ्यात?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते. पुण्यात या वेळी दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवायला धाडस लागते. दारात पंचविशीचा एक तरुण उभा होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला आणि गळ्यात घट्ट बांधलेला निळा टाय. विम्याची कुठलीशी योजना समजावून सांगायला तो तीन जिने चढून आला होता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हटले, "अरे, आधी तो टाय सैल कर." तो ओशाळून हसला. "नको काका, कंपनीचा नियम आहे."

आयुष्य बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याला या उत्तराने विचारात पाडले. १९६९ च्या जुलैमध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शाखा हळूहळू तालुक्यांना, खेड्यांना पोचल्या. मी १९८२ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांकडे टाय असे तो एकच. मुलाखत, स्वतःच्या लग्नाचा स्वागत समारंभ आणि फार तर वरिष्ठांची भेट, एवढ्यापुरता तो कपाटातून बाहेर निघे. पीककर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्यासमोर टाय लावून बसणे आम्हालाच विचित्र वाटले असते.

१९९४ पासून नव्या खासगी बँका सुरू झाल्या. गार हवेच्या शाखा, चकचकीत टेबले आणि टाय लावलेली तरतरीत मुले. आमच्याकडे "अहो, पासबुक कधी भरणार?" म्हणून दटावणारे खातेदार तिथे गेले की आवाज खाली आणून बोलत. टायची ही ताकद मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि थोडा मत्सरही केला आहे.

आज चित्र पालटले आहे. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यातच जन्माला आली. पुढे बंगळूरला गेली आणि शिस्तशीर पोशाखासाठी ओळखली जाऊ लागली. त्याच कंपनीने २०१५ साली औपचारिक पोशाखाची सक्ती सैल केली. न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्ससारख्या बड्या वित्तसंस्थेनेही २०१९ साली तेच केले. हिंजवडीत आज मोठ्या हुद्द्याचा माणूस टी-शर्टवर बैठकीला बसतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

मग टाय गेला कुठे? तो दारोदार विमा आणि कर्जे विकणाऱ्या मुलांच्या गळ्यात आहे. दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळणाऱ्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या गळ्यात आहे. हॉटेलात वाढणाऱ्याच्या गळ्यात आहे. इंग्रजी शाळेच्या रिक्षात कोंबलेल्या चार वर्षांच्या पोराच्या गळ्यातही आहे, इलॅस्टिकचा. साहेबाने टाकलेला टाय साहेबाच्या हाताखालच्यांना सक्तीचा झाला आहे. नियम कंपनीचा, टाय, इस्त्री आणि घामोळे मात्र त्या मुलाचे.

यावर कोणी म्हणेल, टाय ही इंग्रजांची गुलामी, टाकून द्या. मला हे इतके सोपे वाटत नाही. गावोगावच्या चौकांत बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा सूट आणि टायमध्ये उभा असतो. ज्या समाजाने काय नेसावे हेही दुसऱ्यांनी ठरवले, त्याच्या दृष्टीने तो पोशाख नक्कल नव्हती. बरोबरीचा दावा होता. याच पुण्यात २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्काराच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. एकाने टाय लावला, दुसऱ्याने शेतकऱ्याचे कपडे घातले. दोघांचे म्हणणे एकच होते, कारण दोघांनी पोशाख स्वतः निवडला होता. माझ्या दारातल्या मुलाला ही निवड नव्हती. फरक आहे तो इथे.

आणि प्रश्न केवळ मानाचा नाही, उन्हाचाही आहे. आपल्याकडे वकिलांचा पोशाख सर्वांत कडक. तरीही बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये सोडली तर उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. जपानसारख्या शिस्तप्रिय देशाच्या सरकारने २००५ साली उन्हाळ्यात टाय-कोट काढून ठेवा आणि कचेऱ्यांतला गारवा २८ अंशांवर ठेवा, असे सांगितले. कामे अडली नाहीत. ज्या पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, तिथे दुचाकीवर फिरणाऱ्या विक्रेत्याला निदान तीन महिने टायपासून मोकळीक द्यायला कंपन्यांना खर्च तरी काय येणार आहे? शाळांनी तर बारा महिने द्यावी.

त्या दुपारी मी थोडा हट्टच केला. अखेर त्याने टाय काढून खिशात ठेवला, दोन तांबे पाणी प्यायला आणि पंख्याखाली बसून कोल्हापूरकडच्या आपल्या गावाविषयी, शेतीविषयी मोकळेपणाने बोलला. विम्याचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. निघताना दाराशी थांबून, आरसा नसताना, सवयीच्या बोटांनी त्याने टाय पुन्हा बांधला. मग मोबाइल समोर धरून स्वतःचा फोटो काढला.

"हे कशाला?" मी विचारले.

"ऑफिसला पाठवावा लागतो काका. टाय दिसला नाही तर अर्धा दिवस कापतात."