मलेरिया कोणी आणला?

शेजारी टॉवर उभा राहतोय. परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं, "हे लेबर लोक गावाहून मलेरिया आणतात."

अहो, डास तर इथलाच ना? अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सायला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. ते स्लॅबवर क्युरिंगसाठी कोण साठवतं? बिल्डर. त्याच स्लॅबखाली मच्छरदाणीशिवाय कोण झोपतं? मजूर!

व्हायवॅक्स मलेरिया यकृतात दडून बसतो. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. पण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. ताप उतरला की गोळ्या बंद, माणूस कामावर. मग दुसरी साइट, पुन्हा ताप.

मजुरांना राहायला मोफत जागा, न्हाणीघर, संडास द्या, असं १९९६ च्या कायद्यातच लिहिलं होतं. त्याबद्दल मीटिंगमध्ये कोणी ब्रही काढला नाही.

मीसुद्धा नाही. म्हणून इथे लिहितोय.