पंगत एकच हवी



धर्मांनी मानवी हक्कांसाठी काय केले, असा प्रश्न निघाला की प्रत्येक जण आपल्या ग्रंथातली चांगली वचने पुढे करतो. वचने सगळ्याच धर्मांत आहेत. धर्माची परीक्षा करायची तर त्याच्या पंगतीत कोण बसतो आणि कोणाला उठवले जाते, ते पाहावे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घ्या. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये गोऱ्यांचे वर्चस्व होते. काळे आणि मिश्रवंशीय लोकही ख्रिस्ती झाले, तेव्हा प्रभुभोजनाला त्यांच्या शेजारी बसायला काही गोरे तयार होईनात. १८५७ साली चर्चच्या महासभेने ठराव केला. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच बायबलला धरून आहे, असे त्यात मान्य केले. पण काहींच्या दुबळेपणामुळे वेगळे बसण्याची मुभाही दिली. त्या मुभेची रूढी झाली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळे चर्चच निघाले. १९४८ मध्ये वर्णभेदी सरकार सत्तेवर आले. त्याचे पंतप्रधान मलान हे याच चर्चचे माजी धर्मोपदेशक होते. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा दक्षिण आफ्रिका तटस्थ राहिली.

या अन्यायाविरुद्ध त्याच चर्चमधून एक माणूस उभा राहिला. बेयर्स नॉडे हे गोरे धर्मोपदेशक. मोठा मान, मोठे चर्च, सगळे त्यांच्याजवळ होते. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र काळ्या लोकांवर गोळ्या झाडून ६९ जणांना ठार केले. त्यानंतर नॉडे यांना गप्प बसवेना. १९६३ मध्ये त्यांनी वर्णभेदाविरुद्ध ख्रिस्ती संस्था काढली आणि धर्मोपदेशकाचे पद सोडले. १९७७ पासून सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटण्याचीही त्यांना मनाई होती. पण ते मागे हटले नाहीत. १९८२ मध्ये जगभरातल्या रिफॉर्म्ड चर्चच्या संघटनेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरवले आणि गोऱ्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले.

चवदार तळे आणि काळाराम मंदिर आठवणाऱ्या आपल्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. ग्रंथात समता असूनही माणूस पंगतीबाहेर राहू शकतो. त्याला आत घेण्यासाठी त्याच धर्माच्या माणसांना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागतो.

मग आपले काय? विहारात आपण सगळे एका सतरंजीवर बसून वंदना घेतो. पण मुलामुलीची सोयरीक ठरवताना पोटजात विचारणारी घरे आजही आपल्यात आहेत. "आमची काही हरकत नाही हो, पण पाहुणे काय म्हणतील?" असे आपण म्हणतो. १८५७ च्या ठरावातला दुबळेपणा याहून वेगळा नव्हता.

१९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो, ही नववी. समता स्थापन करण्याचा मी प्रयत्न करीन, ही दहावी. मानण्यापाशीच थांबू नये म्हणून तर ही दहावी आहे. येत्या लग्नसराईत पाहुण्यांपुढे तिची आठवण ठेवू या.

जय भीम!