‘रेंज ना’ म्हणण्यापूर्वी

काही उद्गार असे असतात की, ते तोंडातून निघाले म्हणजे पुढील विचाराचे दार आपोआप बंद होते. आमच्या गोव्यात ‘रेंज ना’ हा असाच एक उद्गार होऊन बसला आहे. बोलणे मध्येच तुटले, रेंज ना. पणजीला शिकणाऱ्या मुलाला आईने चार वेळा फोन लावला आणि तो लागला नाही, रेंज ना. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. माझे म्हणणे असे की, विषय येथे संपता कामा नये. खरे पाहता तो येथूनच सुरू व्हावयास हवा.

रेंज मुळीच नसणे आणि रेंज मधून मधून जाणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. जे कधीच नसते त्याविषयी कंपनीकडे व सरकारकडे मागणी करण्यावाचून आपल्या हाती फारसे काही नसते. परंतु जे येते आणि जाते, ते कोणत्या तरी कारणाने येते आणि कोणत्या तरी कारणाने जाते. हे कारण शोधण्याची रीत प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असली पाहिजे, कारण तीच रीत पुढे त्याला शेतातल्या पंपापासून सार्वजनिक कारभारापर्यंत सर्वत्र उपयोगी पडेल.

प्रथम रेंज म्हणजे काय ते पाहू. मोबाईल हे एक लहानसे रेडिओ-यंत्र आहे. सारा प्रदेश लहान लहान घरांत विभागून प्रत्येक घराला एक केंद्र द्यावे, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली मांडली गेली. भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. आपण बसने प्रवास करीत असता एक मनोरा आपल्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करीत जातो. ही देवघेव जेथे नीट होत नाही, तेथे बोलणे तुटते. मनोरा दूर असला, मध्ये डोंगर आला, घराच्या चिऱ्यांच्या भिंती जाड असल्या किंवा वर काँक्रीटचा स्लॅब अथवा पत्रे असले की लहरी दुबळ्या होतात. त्यातही ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात व भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात. ‘फाइव्ह जी’साठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना ते तितकेसे साधत नाही. म्हणूनच अंगणात ‘फाइव्ह जी’ दाखविणारा फोन माजघरात येताच चाचपडू लागतो.

आता शोधाची रीत. तिचे मर्म तीन प्रश्नांत आहे : कोठे, केव्हा आणि कोणाची?

कोठे? रेंज एकाच खोलीत जाते की साऱ्या वाड्यावर? खिडकीपाशी येते आणि आत गेले की जाते, असे असेल तर दोष भिंतींचा आहे, फोनचा नव्हे.

केव्हा? संध्याकाळी सर्वजण एकाच वेळी फोन वापरतात तेव्हा, की जत्रेच्या दिवशी? जुन्या गोव्याला ३ डिसेंबरच्या फेस्ताला हजारो माणसे एकवटतात, तशा ठिकाणी रेघा पूर्ण दिसूनही फोन लागला नाही तर तो गर्दीचा परिणाम समजावा. आपण पावसालाही दोष देतो. पण पावसाच्या सरींनी या लहरी फारशा अडत नाहीत. पावसात वीज जाते. वीज गेल्यावर काही तासांनी रेंज जात असेल, तर मनोऱ्यावरील बॅटऱ्या संपल्या असाव्यात असा तर्क करण्यास जागा आहे.

कोणाची? त्याच जागी त्याच कंपनीचे दुसरे फोन चालतात काय? ते चालत असतील तर दोष आपल्या फोनमध्ये किंवा सिमकार्डात आहे. मग आपले सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून पाहावे. दोष सिमबरोबर गेला तर सिम बदलावे. फोनपाशीच राहिला तर फोन तपासावा. इतकी साधी कसोटी आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

उपायांचाही क्रम असतो. आधी जे फुकट ते करावे, खर्चाचे शेवटी. विमानप्रवासासाठी दिलेले बटण क्षणभर चालू करून बंद करावे, म्हणजे फोन मनोरा नव्याने शोधतो. फोन बंद करून पुन्हा चालू करावा. धातूचे अथवा लोहचुंबकाचे आवरण असल्यास काढून पाहावे. सिम बाहेर काढून कोरड्या मऊ फडक्याने पुसून नीट बसवावे. फोन ‘फोर जी’ व ‘फाइव्ह जी’ यांमध्ये सारखा हेलपाटे घालीत असेल, तर काही दिवस त्याला ‘फोर जी’वरच ठेवावे. कंपनीने पाठविलेली सुधारणा फोनमध्ये घ्यावी. एवढ्याने भागले नाही तर नेटवर्कच्या जोडण्या मूळ स्थितीला आणाव्यात. मात्र त्यात साठविलेले वायफायचे पासवर्ड पुसले जातात, ते आधी लिहून ठेवावे. घरी वायफाय असेल तर त्यावरूनच बोलण्याची सोय पुष्कळ फोनांत असते. आणि एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम केल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कधीच कळत नाही, आणि तो परत आला म्हणजे आपण पुन्हा होतो तेथेच.

दुर्दैवाने आपण बहुधा या यादीच्या शेवटाहूनही पुढे प्रारंभ करतो : नवा फोन घेतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात ती कित्येक दिवसांची मिळकत असते. नवा फोन आणून त्याच माजघरात बसल्यावर रेंज पुन्हा जाते, तेव्हा दोष नशिबाला दिला जातो. दुसरी वाट आणखी वाईट. काही जण बाजारातून रेंज वाढविण्याचे यंत्र, ज्याला बूस्टर म्हणतात, आणून छपरावर बसवितात. असे यंत्र परवानगीवाचून लावणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. त्याने घरमालकाचे काम थोडेफार भागत असेलही, परंतु मनोऱ्याच्या कामात गोंधळ माजून शेजाऱ्यापाजाऱ्यांची रेंज बिघडते. आपली तहान भागविण्यासाठी गावची विहीर गढूळ करणे यालाच म्हणतात.

कोणी म्हणेल, शोध घेऊन कारण मनोऱ्याचेच निघाले, तर सामान्य माणसाने काय करावे? मी म्हणतो, त्याने वही करावी. तारीख, वेळ, जागा, कंपनी आणि रेंजचे माप एवढ्या पाच गोष्टी पंधरा दिवस लिहाव्यात. पडद्यावरील रेघांवर विसंबू नये, कारण किती शक्तीला किती रेघा दाखवाव्यात हे प्रत्येक कारखानदार आपल्या मनाने ठरवितो. अनेक अँड्रॉइड फोनांत ‘फोनविषयी माहिती’ या भागात सिमच्या स्थितीखाली खरे माप डीबीएममध्ये मिळते. ‘फोर जी’वर उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११५ च्या सुमारास बोलणे तुटू लागते. या मापात दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, आणि वीसचा म्हणजे शंभरपट.

अशी वही घेऊन कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे, तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपली सेवा कोठे कोठे पोहोचते याचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. नकाशात रंगविलेल्या गावी प्रत्यक्षात फोन लागत नसेल, तर आपली वही हा त्या नकाशाविरुद्धचा पुरावा ठरेल. ‘आमच्याकडे रेंज नसते’ या वाक्याला उत्तर देणे सोपे आहे. पंधरा दिवसांच्या नोंदींना उत्तर देणे तितके सोपे नाही.

याच न्यायाने दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. रेंज हवी, पण मनोरा नको, अशी भूमिका आपल्याकडील काही गावांनी घेतलेली आहे. भीती अगदीच निराधार म्हणून झिडकारू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले, म्हणजे पुरावा मर्यादित असला तरी शक्यता नाकारली नाही. भारताने २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली आहे, आणि २०१७ पासून सरकारच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर मनोऱ्यांची माहिती पाहता येते. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो : मनोरा जितका दूर, तितका आपल्या कानाशी धरलेला फोन अधिक जोराने लहरी सोडतो, आणि त्याची बॅटरीही लवकर संपते. म्हणून आंधळा विरोध नको आणि आंधळी संमतीही नको, मोजमाप मागावे.

शाळेने मोबाईलच्या भानगडीत कशाला पडावे, असा आक्षेप येईल. वर्गात मोबाईल नसावा, याविषयी माझे दुमत नाही. परंतु २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील मुले पुस्तके घेऊन रेंजसाठी डोंगर चढली, हेही आपण पाहिले आहे. शाळाच जेव्हा मोबाईलमधून आली, तेव्हा ज्याच्या घरी रेंज नाही तो मुलगा वर्गाबाहेर राहिला. रात्री अपरात्री १०८ ला फोन लागला नाही तर काय ओढवेल, हे सांगावयास नको. अशा प्रश्नाकडे पाठ फिरवून आपण मुलांना विज्ञानाची व्याख्या तेवढी पाठ करावयास लावणार काय?

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत वडीलमाणसांच्या अनुमतीने त्यांचा फोन घेऊन आपल्या वाड्याची पाहणी करा. आठवी-नववीच्या चार मुलांनी मिळून गावाचा साधा नकाशा काढावा, जागोजागची मापे त्यावर मांडावी आणि तो पंचायतीच्या भिंतीवर लावण्यास द्यावा. त्या नकाशाने मनोरा लगेच उभा राहील असे नव्हे. परंतु पुढल्या ग्रामसभेत कोणी ‘रेंज ना’ म्हणताच ‘कोठे, केव्हा आणि कोणाची?’ असे विचारणारे एखादे पोर उभे राहील, आणि त्याच्या हाती उत्तरही असेल.