नदीवरचे जहाज आणि पेढीचा ओटीपी

व्यापारी कुटुंबाला सुटी घेणे कधीच सोपे नव्हते. दुकान उघडे असते तेव्हा मालक हवा असतो आणि दुकान बंद ठेवावे तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. तरीही पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या भागांत राहून भोसरी, तळवडे आणि चाकणच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या अनेक घरांत आता परदेशातील नदीपर्यटनाचे बेत होऊ लागले आहेत. राइन किंवा डॅन्यूब नदीवरील जहाजात आठ दिवस राहायचे, रोज नवे गाव पाहायचे आणि सामान मात्र एकाच खोलीत ठेवायचे, ही सोय आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांना विशेष भावते. बेत ठरला की पहिला प्रश्न येतो, "जहाजावर वायफाय आहे ना?" उत्तर बहुधा "आहे" असेच मिळते. ते खोटे नसते, पण अपुरे असते.

समुद्रावरील जहाज किनाऱ्यापासून दूर जाते आणि उपग्रहावर अवलंबून राहते. नदीवरील जहाजाच्या दोन्ही बाजूंना वस्ती असते, म्हणून अशी अनेक जहाजे काठावरच्या मोबाइल मनोऱ्यांकडून इंटरनेट घेतात आणि वायफायने प्रवाशांना वाटतात. अलीकडे काही जहाजांवर उपग्रहाचीही जोड असते. जुन्या पद्धतीचा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर दूर असतो, त्यामुळे बोलताना शब्द उशिरा पोहोचतो. नवे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात व हा विलंब पुष्कळ कमी होतो. साधन कोणतेही असो, राइन-डॅन्यूबवरील सुमारे १३५ मीटर लांबीच्या मोठ्या जहाजात दीडशे ते दोनशे प्रवासी आणि शिवाय कर्मचारी एकाच जोडणीवर असतात. रात्रीच्या जेवणानंतर सारेच छायाचित्रे पाठवू लागले की वेग मंदावणारच.

भूगोलही आड येतो. जर्मनीत बिंगेन ते कोब्लेंझ हा राइनचा सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा उंच कड्यांमधून जातो. ऑस्ट्रियात मेल्क ते क्रेम्स ही डॅन्यूबची वाखाउ दरीही डोंगरांनी वेढलेली आहे. दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. डोळ्यांना सुख देणाऱ्या याच कड्यांमागे मनोऱ्याचा संदेश अडतो. शिवाय वाटेत पाण्याची पातळी बदलणारे दारांचे मोठे हौद लागतात, त्यांना लॉक म्हणतात. माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्यावरील काही लॉकमध्ये जहाज जवळजवळ २५ मीटर खाली किंवा वर जाते. तेवढा वेळ चहूबाजूंना काँक्रीटची भिंत असते आणि फोन मुका होतो. म्हणून महत्त्वाचे बोलणे जहाज धक्क्याला लागलेले असतानाच उरकावे.

वेळेचे गणित मात्र आपल्या बाजूचे आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारताची वेळ मध्य युरोपच्या साडेतीन तास पुढे असते. पिंपळे सौदागरला सकाळचे दहा वाजतात तेव्हा व्हिएन्नाजवळच्या जहाजावर साडेसहा वाजलेले असतात. त्या वेळी बहुतेक सहप्रवासी झोपेत असतात आणि जोडणी मोकळी असते. साडेसहा ते सात हा अर्धा तास पेढीला द्यावा आणि उरलेला दिवस कुटुंबाचा मानावा, असा नियम घरातून निघतानाच ठरवलेला बरा.

सिमकार्डाविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. 'युरोपचा पॅक' म्हणजे साऱ्या युरोपात चालणारा पॅक, असे गृहीत धरले जाते. राइनचा प्रवास पुष्कळदा स्वित्झर्लंडमधील बासेलला सुरू होतो किंवा संपतो, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. डॅन्यूबवर बुडापेस्टच्या पुढे गेल्यास सर्बिया लागतो, तोही संघाबाहेर आहे. बासेलपाशी तर तीन देशांच्या सीमा मिळतात आणि फोन कोणत्या देशाचा मनोरा पकडेल याचा नेम नसतो. म्हणून पॅक घेताना खंडाचे नाव न पाहता देशांची यादी वाचावी. हाच अनुभव आपल्या जवळही येऊ शकतो. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेले 'एमव्ही गंगा विलास' हे जहाज ५१ दिवसांत बांगलादेशमार्गे दिब्रुगडपर्यंत जाण्यासाठी निघाले होते. अशा प्रवासात सीमा ओलांडताच भारतीय सिम परदेशी ठरते.

फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर परदेशी इंटरनेटसाठी ई-सिम घ्यावे व ते घरच्या वायफायवरच बसवून घ्यावे. भारतीय सिम काढू नये. त्यावरील डेटा रोमिंग बंद ठेवावे, पण क्रमांक चालू ठेवावा आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असल्याची खात्री निघण्यापूर्वीच करावी. बँकेचा संदेश त्याच क्रमांकावर येतो, आणि सिम हलवले तर बँकेचे अॅप पुन्हा नोंदणी मागू शकते.

येथवर सारे सोयीचे झाले. खरी अडचण पेढीवर उभी राहते. समजा, भोसरीच्या गोदामातून गुजरातकडे माल निघायचा आहे. मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असली की ई-वे बिल लागते. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर प्रवेश करताना सर्वच करदात्यांना पासवर्डबरोबर ओटीपीही द्यावा लागतो. तो ओटीपी मालकाच्या फोनवर जातो, मालकाचा फोन कालव्याच्या लॉकमध्ये मुका असतो, आणि ट्रक भरून गोदामाच्या दारात उभा राहतो. यावर अनेक जण एक धोक्याचा उपाय करतात. ते मालकाचे सिम मुनिमाकडे ठेवून जातात. ज्या क्रमांकावर बँक, आयकर, जीएसटी आणि विमा सारे बांधलेले आहे, तो क्रमांक असा हाती देणे म्हणजे तिजोरीची किल्लीच देणे. मुनीम कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्यावर असे ओझे टाकणे न्याय्य नाही. उद्या काही गफलत झाली, तर संशय प्रथम त्याच्यावरच येईल.

योग्य मार्ग त्याच संकेतस्थळावर उपलब्ध आहे. मुख्य खातेदार आपल्या पेढीसाठी उपवापरकर्ते नेमू शकतो. प्रत्येकाचे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मोबाइल क्रमांक असतो, ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि कोणाला कोणते काम करता येईल हेही ठरवता येते. 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' या अॅपवर तर इंटरनेट नसतानाही ओटीपी तयार होतो. मासिक जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख प्रवासात येत असेल, तर घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीची अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून आधीच नोंद करावी. बँकेच्या चालू खात्यावरही भावाला, मुलाला किंवा सुनेला मर्यादेसह अधिकार देता येतो. ही कामे निघण्याच्या आदल्या रात्री होत नाहीत, त्यांना निदान महिनाभर आधी हात घालावा. कार्डाचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड प्रथम देशातच चालते, परदेशातील वापर स्वतः सुरू करावा लागतो आणि त्याची मर्यादाही स्वतःच ठरवता येते.

घरी राहिलेल्या वृद्धांचा विचार याहून महत्त्वाचा आहे. मुलगा परदेशी गेल्याची छायाचित्रे सर्वत्र पोहोचलेली असतात. अशा वेळी "तुमच्या मुलाला पोलिसांनी धरले आहे, ताबडतोब पैसे पाठवा" असा फोन आला आणि मुलगा तासभर संपर्काबाहेर असला, तर आईचे काळीज किती वेळ धीर धरील? म्हणून निघताना एक घरगुती खुणेचा शब्द ठरवावा. तो शब्द सांगितल्याखेरीज कोणालाही पैसे पाठवायचे नाहीत, हे सर्वांना समजावून सांगावे. जहाजाचे नाव, रोजचा मुक्काम आणि जहाज कंपनीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनशेजारी लावावा. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांकही त्याच कागदावर असावा. 'दिवसातून ठरल्या वेळी एकदाच बोलू, मध्ये फोन लागला नाही तर काळजी करू नका' हे आधी सांगितले असले की लॉकमधील शांतता घरी भीती बनून पोहोचत नाही.

नवकारसी आणि चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. पुण्याची वेळ तेथे उपयोगाची नाही आणि जहाजाचे गाव रोज बदलते. जूनमध्ये अॅमस्टरडॅमला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे मागे गेल्यावर व्हिएन्नात संध्याकाळी पाचच्या आतच सूर्यास्त होतो. आठही दिवसांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा घरीच उतरवून न्याव्यात. ऐन वेळी इंटरनेट नसले तरी नियम मोडत नाही.

पूर्वी व्यापारी महिनोन्‌महिने परगावी जात आणि पेढी मुनिमाच्या भरवशावर चाले. त्या भरवशाला लेखी मुखत्यारपत्राचा आणि रोजमेळाचा आधार असे. कोणी काय करायचे व कोठपर्यंत करायचे, हे स्पष्ट असे. आज सारा कारभार एका माणसाच्या एका फोनमध्ये येऊन बसला आहे, आणि त्या माणसाला ताप आला तरी पेढी थांबते. परदेशप्रवासाची तयारी त्या दुबळेपणाकडे लक्ष वेधते. अधिकार विचारपूर्वक वाटून दिलेले असतील, तर धाकट्या पिढीलाही आठ दिवस कारभार पेलण्याची संधी मिळते आणि घरच्या मोठ्यांना वाखाउच्या दरीतून जाताना फोनऐवजी काठावरच्या द्राक्षमळ्यांकडे पाहता येते.