शहराच्या वेशीवर थांबलेल्या योजना

वर्धा शहर कोठे संपते आणि पिपरी मेघे कोठे सुरू होते, हे रस्त्याने जाणाऱ्याला सांगता येणार नाही. सरकारी दप्तराला मात्र ती रेषा नेमकी ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेने पिपरीची गणना शहरांत केली. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. किमान पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला चारशेची घनता आणि ७५ टक्के पुरुष कामकरी बिगरशेती व्यवसायात, हे अशा ‘जनगणना शहरां’चे निकष. देशातील त्यांची संख्या २००१ मधील १,३६२ वरून २०११ मध्ये ३,८९४ वर गेली.

गरीब वस्त्यांसाठीचा निधी मात्र नगरपालिकेची हद्द पाहून वाटला जातो. २००५ च्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात विदर्भातून केवळ नागपूरची निवड झाली. २०१५ ची शहरी पंतप्रधान आवास योजना प्रामुख्याने वैधानिक शहरांसाठी आखली गेली. तीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये ठरले. २०१६ च्या ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजारांचे होते. मजुरी व शौचालयाची रक्कम वेगळी. विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांचे दर मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखेच असतात. उरलेली तूट गरिबाला कर्जाने भरून काढावी लागते.

या तुटीचे मोल केवळ चार भिंतींचे नाही. शिवणकाम करणाऱ्या किंवा खाद्यपदार्थ विकणाऱ्या कुटुंबासाठी घर हीच कार्यशाळा असते. पुण्याच्या येरवड्यात २००५ च्या अभियानाखाली कच्च्या घरांच्या जागीच पक्की घरे उभी राहिली. त्यामुळे रहिवाशांचा रोजगार व शेजार तुटला नाही. अर्थात, वस्ती सुधारली की भाडेही चढते आणि भाडेकरूच्या पदरी फारसे काही पडत नाही, ही दुसरी बाजूही विसरता येणार नाही.

ग्रामपंचायत राहण्यातही लाभ आहेत. कर तुलनेने कमी असतात, रोजगार हमीची कामे मिळू शकतात. म्हणूनच हद्दवाढीचे स्वागत सर्वत्र होतेच असे नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने गावातून शहरात रूपांतरित होणाऱ्या परिसरासाठी नगरपंचायतीचा मार्ग दिला आहे. तो निर्णय होईल तेव्हा होवो. तोवर योजनांची पात्रता कारभाराच्या पाटीवरून न ठरविता वस्तीच्या स्थितीवरून ठरविणे सरकारला अशक्य नाही. जनगणनेला जे शहर दिसते, ते अर्थखात्यालाही दिसायला हवे.