ज्ञानगंगेला घाट हवा

नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत विद्येने स्वतः चालत जावे, ही त्यामागील आकांक्षा समतेच्या विचाराशी नाते सांगणारी आहे. आज ती गंगा मोबाइलच्या पडद्यावरून घरात शिरली आहे. केंद्र शासनाने २०१७ साली ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ खुले केले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांद्वारे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा दिली. अर्थात हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही. तो पदवीचा आणि म्हणूनच पोटापाण्याचा विषय झाला आहे.

परंतु नदी दाराशी आली म्हणजे घागर भरलीच, असे होत नाही. काठ निसरडा असेल तर घाट बांधावा लागतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे पहिले पान आणि त्यावरील मेनू हा तो घाट होय. तो नीट बांधला आहे की नाही, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ती बाब संगणकवाल्या ठेकेदाराची, असे समजून विद्वान मंडळी हात झटकून मोकळी होतात.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, मिरचीच्या बाजारासाठी ख्यात असलेले गाव. येथील कष्टकऱ्यांच्या घरात बोलली जाते अहिराणी, शाळेत शिकवली जाते प्रमाण मराठी, आणि पडद्यावर उमटते ती बहुधा इंग्रजी. दिवसा मजुरीला जाऊन रात्री घरातल्या एकुलत्या फोनवर अभ्यास करू पाहणारी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक आढळला होता आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर फोन पुष्कळ पसरले. तथापि पाने अजूनही मोठ्या संगणकापुढे बसणाऱ्यासाठीच आखली जातात. या मुलीला प्रथम काय दिसते? पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, सरकती चित्रे, अभिनंदनाच्या सूचना आणि ‘डॅशबोर्ड’, ‘मॉड्यूल’, ‘रिसोर्सेस’ असे शब्द. आजचा पाठ कोठे आहे, एवढेच तिला हवे असते. आणि नेमके तेवढेच कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या चिन्हामागे दडलेले असते.

यात किती गमावले जाते, हे साध्या गणिताने समजते. समजा, एखाद्या अभ्यासक्रमाला दहा हजार विद्यार्थी आहेत आणि वाट शोधण्यात प्रत्येकाचा अर्धा तास गेला. एकूण पाच हजार तास झाले, म्हणजे आठ तासांच्या दिवसाप्रमाणे ६२५ श्रमदिवस. संस्थेने पानाच्या आखणीवर आठवडाभराचे श्रम वाचवले आणि त्याची कितीतरी पट किंमत विद्यार्थ्यांच्या माथी मारली. हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे मानले जाते. शिवाय तो सर्वांवर सारखा पडत नाही. सुखवस्तू घरातील मुलाला विचारायला थोरला भाऊ असतो, शिकवणीचे सर असतात. मजुराच्या मुलीजवळ वेळ हेच एकमेव भांडवल; तेच येथे खर्ची पडते.

वाट अवघड झाली की वाटाड्या उपजतो. ‘स्वयम्’वर अभ्यासक्रमासाठी नावनोंदणी करणे वेगळे आणि परीक्षेची नोंदणी करणे वेगळे, दुसरीसाठी शुल्कही निराळे. हा भेद पहिल्याच पानावर ठळकपणे सांगितलेला नसेल, तर सगळे पाठ पूर्ण करूनही प्रमाणपत्रास मुकण्याची पाळी येऊ शकते. मग चौकातल्या दुकानात पैसे मोजून अर्ज भरून घेणे ओघानेच आले. जुन्या काळी बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत आणि मालाचा धनी शेतकरी शेजारी उभा राहून अनभिज्ञच असे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याखाली उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो यासाठीच. जी माहिती झाकली जाते तिचा व्यापार होतो, हा न्याय मिरचीला लागू आहे तसाच शिक्षणालाही आहे.

मग स्वच्छ पान म्हणजे काय? पहिल्याच दर्शनी भागात विद्यार्थ्याच्या प्रश्नांची उत्तरे हवीत : हा अभ्यासक्रम कोणासाठी, कोणत्या भाषेत, किती आठवड्यांचा, खर्च किती, परीक्षेची नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत. त्याखाली एकच मोठे बटण : ‘पुढचा पाठ सुरू करा’. मेनूत दहा-बारा नव्हे, पाचच दारे असावीत : आजचा पाठ, सर्व पाठ, स्वाध्याय आणि परीक्षा, माझी प्रगती, मदत. ही नावे अक्षरांत लिहिलेली असावीत, नुसत्या चिन्हांत नव्हे. आणि प्रत्येक पानावर ती त्याच जागी, त्याच क्रमाने यावीत. चित्रफितीशेजारी ती किती एमबीची आहे हे नोंदवावे आणि त्याच पाठाचा मजकूर वाचण्यासाठी द्यावा, म्हणजे डेटा संपला तरी अभ्यास थांबणार नाही. ‘मदत’ या दारामागे खराखुरा दूरध्वनी क्रमांक आणि उत्तर देणाऱ्या माणसाची वेळ हवी.

मजकूर चित्रात गोठवलेला नसावा, कारण अंधांना वाचून दाखवणारी प्रणाली चित्रातली अक्षरे सहसा ओळखू शकत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील विरोधाचे प्रमाण साधारण अक्षरांसाठी किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. तेव्हा सुगम पान ही आता मेहेरबानी राहिलेली नाही.

ही दृष्टी परदेशातून आणावी लागते असेही नाही. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. दोंडाईच्यापासून फार दूर नसलेल्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. समोरची मुले कोण आहेत हे जाणून लिहिलेला मजकूर, हेच त्याचे मर्म होते. आणि खानदेशच्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचे नाव देण्यात आले, त्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या; त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली म्हणून उरली. अशा बाईचे नाव मिरवणाऱ्या प्रदेशात तरी शहाणपण आणि पुस्तकी परिभाषा यांची गल्लत होऊ नये.

यावर एक आक्षेप संभवतो. प्राध्यापकांच्या जागा रिक्त, वीज बेभरवशाची. अशा वेळी मेनूची चर्चा म्हणजे घराला आग लागली असताना तोरणाची चिंता नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. कितीही सुबक पान शिक्षकाची जागा घेऊ शकणार नाही, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या निमित्ताने नेमणुका गोठवण्याचा डाव असेल तर त्याचा प्रतिकार झालाच पाहिजे. परंतु शिक्षक जेथे कमी आहेत तेथेच विद्यार्थी या पानावर अधिक विसंबून असतो. ज्याला दुसरा आधार नाही त्याच्यासाठी अस्पष्ट पान हे बंद दारच ठरते. शिवाय खासगी कंपन्यांचे पहिले पान गिऱ्हाइकाला खिळवून ठेवण्यासाठी रचलेले असते. सार्वजनिक संस्थेचे पान त्याला झटकन पाठापर्यंत पोहोचवून स्वतः बाजूला होणारे असावे. सार्वजनिक क्षेत्राने हे साधले नाही, तर लोक त्याला नावे ठेवीत बाजाराकडे वळतील, आणि त्याचा दोष केवळ बाजाराला देता येणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कोणताही सार्वजनिक ऑनलाइन अभ्यासक्रम खुला करण्यापूर्वी त्याचे पहिले पान दोंडाईचा, शिंदखेडा, शहादा अशा गावांतील पाच-सात विद्यार्थ्यांच्या हाती, त्यांच्याच फोनवर द्यावे. त्यांना काही शिकवू नये, सुचवू नये. पाठ, परीक्षेची तारीख आणि मदतीचा क्रमांक शोधायला सांगून मुकाट्याने पाहत राहावे. ते जेथे अडखळतील तेथे दुरुस्ती करावी आणि पुन्हा नवे विद्यार्थी बोलवावेत. या कसोटीचा निकाल प्रसिद्ध करावा, आणि ठेकेदाराचे अखेरचे देयक त्यानंतरच चुकते करावे. यासाठी फार मोठी तरतूद लागत नाही. ज्यांच्यासाठी घाट बांधायचा, त्यांची पावले कोठे घसरतात हे पाहण्याची तयारी मात्र लागते.