ईश्वरी कृपा आणि सावकाराचे व्याज

नोव्हेंबर 2022 मध्ये व्हॅटिकनच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीने श्रद्धावान गुंतवणूकदारांसाठी 'मेन्सुराम बोनाम' हे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. कोणत्या धंद्यांत पैसा गुंतवू नये, याची यादीच त्यात आहे. शस्त्रास्त्रांचा धंदाही तीत येतो. सल्ला वाईट नाही. पण भांडवल तो ऐकेल कशावरून?

धर्मशास्त्राचे उत्तर जुनेच आहे. 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ल्यूथरच्या विरोधात ठरवले, की आदिपापानंतरही मानवाची स्वतंत्र इच्छा नष्ट झालेली नाही; कृपेने जागी झालेली ही इच्छा कृपेला होकार देऊ शकते, नकारही देऊ शकते. म्हणजे भांडवलदाराने मनावर घेतले, की भांडवल सदाचारी झालेच म्हणायचे!

खुद्द चर्चचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. 1745 मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी निव्वळ कर्ज दिल्याबद्दल व्याज घेणे पाप ठरवले. 1830 मध्ये त्याच रोमने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना कळवले, की कायदेशीर दराने व्याज घेणाऱ्यांना त्रास देऊ नये. मधल्या पंच्याऐंशी वर्षांत कृपेचे स्वरूप पालटले नव्हते, बाजाराचे पालटले होते. पुढे 1982 मध्ये मिलानची बांको अँब्रोझियानो बुडाली, तेव्हा व्हॅटिकनची स्वतःची बँक त्या व्यवहारांत गुंतलेली निघाली. कायदेशीर जबाबदारी नाकारीत तिने 1984 मध्ये धनकोंना सुमारे 24 कोटी डॉलर दिले.

हा सिद्धान्त झाशी जिल्ह्यातील टहरौलीच्या बांधावर तपासावा. कोरडवाहू बुंदेलखंडात पाऊस हुकला, की गरीब शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: परगावची मजुरी किंवा सावकाराचा उंबरठा. तेथे कर्जखतावर उमटलेला अंगठा हा कोणत्या स्वतंत्र इच्छेचा होकार? सावकाराच्या अंतःकरणात कृपा उतरण्याची वाट पाहणे इंग्रज सरकारलाही परवडले नाही. 1903 मध्ये त्याला बुंदेलखंडातील शेतजमिनींच्या हस्तांतरावर कायद्याने निर्बंध घालावे लागले. (शेतकऱ्याच्या प्रेमाने नव्हे, हे सांगायला नको.)

वसईच्या कॅथलिकांनी हे ओळखले होते. 1918 मध्ये एका धर्मगुरूच्याच पुढाकाराने तेथे सहकारी पतसंस्था उभी राहिली. तिचा आधार सावकाराचे हृदयपरिवर्तन हा नव्हता. सामान्य माणसांची एकत्र केलेली पुंजी हा होता. आज ती मोठी बँक आहे, आणि बाजाराचे नियम तिलाही सुटलेले नाहीत.

म्हणून वसई-गोव्यातील श्रद्धावान कष्टकऱ्यांशी बोलताना आपल्या सभासदांनी त्यांच्या श्रद्धेची टवाळी करू नये. त्यांच्या धर्मगुरूंना मात्र एवढेच विचारावे: गुंतवणूकदारासाठी यादी केलीत, आता टहरौलीच्या कर्जदाराची खासगी कर्जे रद्द करण्याच्या मागणीवर तुम्ही सही करता काय?